आधी उलटी बाजू दाखवा

सोमवार, ४ मार्च

सूनबाईनं ही वही आणून दिली. म्हणाली, "आई, दिवसभर मोबाइलशी भांडता, थोडं वहीशी भांडा." म्हटलं बरं, वही निदान उलटून बोलणार नाही. गावच्या शाळेत सातवीपर्यंत गुरुजींनी छड्या मारून मारून अक्षर वळणाचं करून दिलंय, ते वाया का घालवा?

तर आजची बातमी. बंड झालंय.

सकाळीच मास्तरांचा फोन. मास्तर म्हणजे आमच्या शिवणाच्या ग्रुपचे मुख्य पंच. पन्नास वर्षं कोट शिवलेला माणूस, अजूनही ओठांत टाचण्या धरल्यासारखा बोलतो.

"पंचबाई, पत्र वाचलंत का?"

"प्रेमपत्र असेल तर तुम्हीच वाचून दाखवा. माझा चष्मा सापडत नाही."

"चेष्टा पुरे हो. नव्या लोकांनी निम्म्या खुर्च्या मागितल्यात, महिनाअखेरीस मतदान घ्या म्हणतात."

हा ग्रुप आठ वर्षांचा, सगळा मोबाइलवरच. कुणाची कॉलर बसत नाही, कुणाची मशीन टाके गाळते. फोटो टाकायचा आणि विचारायचं. सुरुवातीला आम्ही चाळीसेक जण होतो, त्यातले सात पंच. आता माणसं अकरा हजार झालीत आणि पंच तेच सात. नियम आम्ही करतो, भांडणं आम्ही मिटवतो, आणि कुणी प्रश्न टाकला की पहिला दिवस उत्तर द्यायचा मान आमचा. बाकीच्यांनी दुसऱ्या दिवसापासून बोलायचं. नाहीतर एका प्रश्नाला चाळीस उत्तरं, आणि विचारणारा हातात कात्री घेऊन येडा.

आणखी एक नियम आहे, तो माझ्या डोक्यातला. ग्रुपवर काहीही दाखवायचं तर आधी उलटी बाजू दाखवायची. सुलटी बाजू सगळ्यांचीच गोड असते. आत दोरे कसे सोडलेत, कड कशी दुमडलीय, त्यावरून माणूस कळतो. ज्याला पंच व्हायचंय त्यानं त्याच महिन्यात शिवलेल्या कपड्याची उलटी बाजू टाकायची. आम्हा सातांना ती अट नाही. आमची सगळ्यांनी पाहिलीय.

पत्रावर पहिली सही एका बस चालवणाऱ्या बाईची. ग्रुपवर येऊन दीड वर्ष झालं नाही आणि निघाली पंच व्हायला. मी तिचं नाव ठेवलंय डायवरीण.

खुर्ची सोडायची म्हणे. मी? हे गेल्यापासून सकाळी उठून माझं दुसरं काय

दूध उतू गेलं. बाकी उद्या.

मंगळवार, ५ मार्च

आज उत्तर लिहिलं, सगळ्यांना दिसेल असं. "बायांनो, बाप्यांनो, कोरं कापड जुन्याला जोडलं तर काय होतं? पहिल्या धुण्यात कोरं आटतं आणि जुन्याला ओढून फाडतं. पंचांचंही तसंच आहे." चारशे जणांनी अंगठे उचलले. मास्तर खूश.

दहा मिनिटांत डायवरीण आली. "मावशी, मग जोडायच्या आधी आम्हाला धुऊन घ्या की! पाण्यात उतरू देत नाही आणि वर म्हणता आटाल."

मी एवढ्यांदा हसले की सूनबाई आतून धावत आली. तिला वाटलं मला ठसका लागला.

आता हिला काहीतरी खमंग उत्तर द्यायला हवं, म्हणून दुपारभर विचार केला. सुचलं नाही. पण सुचेल. ह्या घरात शेवटचा शब्द नेहमी माझाच असायचा, ह्यांना विचारा. म्हणजे, विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं.

संध्याकाळी सूनबाई ऑफिसची पँट घेऊन आली. "आई, खालून दोन इंच दुमडून द्याल?" म्हटलं उद्या. तिनं कोपऱ्यातल्या झाकलेल्या मशीनकडे पाहिलं, मी खिडकीकडे पाहिलं. मुलगा जहाजावर, सहा महिने समुद्रात. घरात आम्ही दोघीच. त्यामुळे कोण कुठं बघतंय ते लगेच कळतं.

शनिवार, ९ मार्च

खुर्ची कशासाठी असते ते आज दाखवून दिलं.

एक बेकरीवाले आहेत, नवीनच. मुलगी कसरतीच्या स्पर्धेत उतरतेय, चोवीस तारखेला. तिचा अंगाबरोबर बसणारा, ताणणाऱ्या कापडाचा पोशाख बाप स्वतः शिवतोय. मला फार आवडलं. शिवण सरळ येत नाही म्हणून विचारलं होतं. चौथ्या मिनिटाला माझं उत्तर: टाका बारीक ठेवा, सुई साधीच चालेल, शिवताना कापड पुढून-मागून चांगलं ताणून धरा, रेघ मारल्यासारखी शिवण येईल.

चार मिनिटं! त्या नव्यांना अजून चष्मे सापडले नसतील.

सोमवार, ११ मार्च

बेकरीवाल्यांनी फोटो टाकला. शिवण सगळी लाटा लाटा, आणि टाक्यागणिक भोक. पोशाख गेला. खाली लिहिलंय, "मावशींनी सांगितलं तसंच केलं. माझ्याच हातात काहीतरी खोट दिसते."

थोड्या वेळानं डायवरणीचा निरोप, सगळ्यांसमोर नाही, फक्त मला. "मावशी, तुम्ही सांगितलंत ते घसरणाऱ्या अस्तराला बरोबर आहे. ताणणाऱ्या कापडाला गोल टोकाची सुई लागते आणि टाका नागमोडी, आणि ते अजिबात ओढायचं नसतं. शनिवारी दोन फेऱ्यांच्या मध्ये मी लिहून ठेवलं होतं. पहिला दिवस पंचांचा म्हणून टाकलं नाही. रविवारी टाकायच्या आधी त्यांना विचारलं, तर त्यांचं शिवून झालं होतं."

मी लिहिलं, "हल्ली कापडंच भलती निघतात."

ती म्हणाली, "हो मावशी, निघतात."

एवढंच. मला वाटलं होतं भांडेल.

मास्तरांना सांगितलं. ते म्हणाले, "ते उत्तर पुसून टाका. मतदान तोंडावर आलंय. झाकली मूठ सव्वा लाखाची."

पुसलं. पंचांना पुसता येतं, एक बटण आहे. वहीशी खोटं कशाला बोलू? उचलली जीभ लावली टाळ्याला, असं झालं खरं. पण आठ वर्षांत एक चूक म्हणजे काही पाप नाही.

सूनबाईच्या बोटांना काळं लागलेलं दिसलं जेवताना. सायकलची साखळी उतरली असणार. म्हटलं साबण लाव, तेलकट डाग कपड्याला लागला की जात नाही. ती हसली नुसती.

मंगळवार, १२ मार्च

बेकरीवाल्यांनी मशीन विकायला काढली. "चार महिने शिकलो, जमत नाही. मुलीला तयार पोशाख घेईन. कुणाला हवी असेल तर मशीन घ्या, नवीनच आहे." लोक हळहळले. एकानं लिहिलं, प्रत्येकाच्या हातात कला नसते.

मी काही लिहिलं नाही. काय लिहायचं? उत्तर पुसलेलं, आता त्याचा विषय काढला तर पुसलं का ते आलंच.

भाजीत मीठ दोनदा पडलं. सूनबाईनं मुकाट्यानं खाल्ली.

गुरुवार, १४ मार्च

आज संध्याकाळी सभा झाली. आम्ही सात आणि पत्रवाले चौघे, मोबाइलवर चौकटीत बसलेले. डायवरीण बस उभी करून आतच बसली होती, मागे रिकाम्या सीटा. चेहरा पहिल्यांदाच पाहिला. चाळिशीची असेल. अंगात कॉलरचा शर्ट, स्वतः शिवलेला. कॉलर चांगली आहे. खोटं कशाला बोलू.

मास्तर म्हणाले, "अनुभव बाजारात मिळत नाही, बाई."

"नाही ना मिळत! म्हणून तर चार जुन्यांनी राहा म्हणतोय. तुम्ही सगळे उठून गेलात तर आम्ही काय व्हिडिओ बघून पंच होणार?"

"मग भांडण कशाचं आहे?"

"तीन खुर्च्या नव्यांना द्या. पहिल्या दिवसाचा नियम काढा. एका जुन्यानं आणि एका नव्यानं मिळून उत्तर द्यायचं. आणि जे चार राहतील त्यांनीही उलटी बाजू दाखवायची. ह्या महिन्यातली."

मास्तर भडकले. "आमची उलटी बाजू? पन्नास वर्षं कोट शिवलेत मी!"

"मग हरकत काय, मास्तर? मला तर बघायचीच आहे. शिकायला मिळेल."

मास्तर म्हणाले, "ठीक आहे. पंचबाईंचाच नियम आहे, त्यांची पहिली. रविवारी. काय पंचबाई?"

आणि मी म्हणाले, "हो, दाखवते की! डोळे दिपतील, गॉगल घालून बसा." सगळे हसले.

डायवरीण हसली नाही. माझ्याकडेच बघत होती. मला वाटलं, आता काढते पुसलेल्या उत्तराचा विषय. नाही काढला. जरा भित्रीच असावी. एवढी मोठी बस कशी चालवते कोण जाणे.

रविवार, १७ मार्च

सूनबाई सकाळीच मैत्रिणीकडे गेली. जाताना म्हणाली, "आई, मी चारपर्यंत येत नाही. अगदी नक्की येत नाही." असं दोनदा कशाला सांगायचं?

मशीनचं झाकण काढलं. दोन वर्षं झाली.

ह्यांचा शर्ट तसाच होता. डावी बाही लावलेली, उजवी नुसती टाचून ठेवलेली. सुई कापडात उतरलेली. त्या दिवशी फोन आला तेव्हा मी पाय थांबवला, तो तिथंच. सुईदेखील वर घेतली नव्हती. नंतर झाकण घातलं आणि त्यावर फुलदाणी ठेवली.

आता लिहितेच. दोन वर्षं मी एक टाका घातलेला नाही. काज नाही, बटण नाही. रोज सकाळी मोबाइल उघडायचा आणि अकरा हजार माणसांना कसं शिवायचं ते सांगायचं. उंटावरून शेळ्या हाकल्या, आणि शेळ्या बिचाऱ्या गेल्याही.

मला वाटलं पायडल जाम झालं असेल. पण पाय ठेवला आणि चाक लोण्यासारखं फिरलं. जुनं पोलाद म्हणतात ते हे! सुईभोवती शर्टाला गंजाचा ठिपकासुद्धा नाही. पट्टाही कसा ताठ. आजकालच्या मशीनी दोन महिन्यांत कुरकुरतात.

दोरा ओवायला अकरा वेळा प्रयत्न केला. मग उजवी बाही लावली. हात थरथरला, खांद्याशी दोन चुण्या पडल्या, एकदा उसवली, पुन्हा लावली, पुन्हा एक चुणी आली. ती राहू दिली.

शर्ट उलटा केला आणि दोन्ही बाह्या शेजारी शेजारी ठेवल्या. डावीची शिवण म्हणजे सैनिकांची रांग. उजवीची म्हणजे शाळा सुटल्यावरची पोरं.

एखादा जुना झगा काढून त्याची उलटी बाजू टाकता आली असती. पेटी भरून आहेत. कुणाला कळणार होतं? एक झगा काढलाही, फोटोही घेतला. मग बेकरीवाल्यांच्या मशीनचा फोटो समोर आला. "अजून कुणी घेतली नाही, किंमत थोडी कमी करतो." पाव भाजणाऱ्या हातांनी पोरीला कपडा शिवला आणि खोट स्वतःची समजून बसलाय. झगा पेटीत टाकला.

शर्टाचा फोटो टाकला. खाली लिहिलं:

"मी पंचबाई. डावी बाही दोन वर्षांपूर्वीची, उजवी आजची. मधल्या दोन वर्षांत मी टाकासुद्धा घातला नाही आणि तुम्हाला शहाणपण शिकवत होते. बेकरीवाल्यांना चुकीचं उत्तर मी दिलं आणि ते पुसलंही मीच. ते परत लावते आहे, सगळ्यांनी वाचा आणि तसं मुळीच करू नका. बरोबर उत्तर डायवरणीकडं त्याच शनिवारपासून तयार होतं, आपल्या नियमानं तिचं तोंड बांधलं होतं. बेकरीवाले, तुमच्या हाताला काही झालेलं नाही. मशीन विकलीत तर येऊन तुमची भट्टी विझवीन."

पाठवलं आणि मोबाइल पिठाच्या डब्यात ठेवला.

सोमवार, १८ मार्च

मास्तरांचा फोन. "पंचबाई, तुम्ही आपलीच शिवण उसवलीत."

"वाकडी होती, मास्तर. वाकडी उसवूनच पुन्हा घालतात. तुम्हीच शिकवलंत ना?"

पलीकडे त्यांनी माझा फोटो मोठा करून पाहिला असणार. मग म्हणाले, "उजव्या बाहीची ढिलाई खांद्यात नीट जिरली नाहीय."

"माहितीय."

"बघू, माझी टाकतो मी." आणि टाकली. एका कोटाची आतली बाजू, अस्तर हातानं लावलेलं. काय सांगू! टाका शोधावा लागत होता. नव्या पोरींनी फोटो मोठा करकरून पाहिला. डायवरणीनं लिहिलं, "मास्तर, तुमच्याशिवाय पंचमंडळ? शक्य नाही." मास्तरांनी मला ते दोनदा वाचून दाखवलं, जसं काही मला वाचताच येत नाही.

आमच्यातल्या दोघांनी उलटी बाजू दाखवायला नकार दिला आणि खुर्ची सोडली. खुर्ची सोडणारी तिसरी मी; असली उजवी बाही पंचाची नव्हे. माझा नियम माझ्याच पायात आला, तर पाय ओढून कसा घेऊ?

डायवरणीला फोन लावला.

"अगं, सभेत का नाही बोललीस? पुसलेलं माहीत होतं तुला."

"मावशी, बस रिकामी असली तरी आरसा बघूनच मागे घेतो आम्ही. माणूस उभा असतो कधी कधी."

मला नीट कळलं नाही. डायवर लोकांचं बोलणं असंच. पण मग मी म्हणाले, "तीन नव्या खुर्च्यांसाठी मीही उभी राहतेय."

"तुम्ही? तुम्ही नवीन कुठल्या?"

"काल दोन वर्षांनी पहिला टाका घातला. माझ्याहून नवीन दाखव एखादी."

ती इतकी हसली की मागे कुणीतरी हॉर्न वाजवला.

रविवार, २४ मार्च

बेकरीवाल्यांच्या मुलीची स्पर्धा आज झाली. डायवरणीनं आठवडाभर रोज फोनवर शिकवलं, मीही त्याच फोनवर शेजारी बसल्यासारखी ऐकत होते आणि गप्प होते. हे गप्प बसणं आठ वर्षांतलं माझं सगळ्यात अवघड काम. बेकरीवाल्यांनी मशीन न विकता पोशाख नवा शिवला. मुलगी चौथी आली, पण उडी मारताना शिवण ताणली आणि परत जागेवर बसली. बापानं तेवढ्याचाच व्हिडिओ टाकला. नंबराचं नावही नाही त्यात.

रविवार, ३१ मार्च

निकाल लागला. चार जुने राहिले, मास्तर मुख्य. नव्यांत डायवरीण पहिली, एक शाळामास्तरीण दुसरी. तिसरे बेकरीवाले.

मी चौथी. एकोणीस मतांनी पडले! चार महिने शिवणाऱ्या माणसाकडून! ज्याची मशीन मी वाचवली!

सूनबाई गंभीर तोंडानं म्हणाली, "आई, वाईट वाटतंय का?"

म्हटलं, वाटतंय. मग मला हसू आलं, आणि एकदा आलं ते थांबेचना. आठ वर्षांत मी ग्रुपवर एकही प्रश्न विचारलेला नाही. पंच असून विचारायचं कसं? आता विचारते बघ. रोज विचारीन, हैराण करून सोडीन.

सोमवार, १ एप्रिल

सकाळी उठल्या उठल्या पहिला प्रश्न टाकला. "नजर कमी झालीय, हात थरथरतो. बाहीला खांद्यात चुणी येते. काय करू?"

सहाव्या मिनिटाला उत्तर. बेकरीवाले आणि मास्तर, जुन्या-नव्याची जोडी. मास्तरांनी नुसती कोपऱ्यात सही केलेली. लिहिलं होतं बेकरीवाल्यांनी.

"मावशी, आधी उलटी बाजू दाखवा."

काय हा उद्धटपणा! दाखवली.

त्यांनी सांगितलं, मशीनवर घ्यायच्या आधी हातानं धावदोरा घाला, चुणी त्यातच जिरवा. मला हे ठाऊक होतं. सोळाव्या वर्षापासून ठाऊक होतं. पण घातला धावदोरा, आणि बाही बसली. शर्ट पुरा झाला. सूनबाईनं तो स्वतःच्या अंगावर चढवला, बाह्या दुमडल्या, आरशासमोर उभी राहिली. म्हणाली, "मी घालू ऑफिसला?" म्हटलं, घाल. आणि ती पँट आण इकडं, महिना झाला लोळतेय.

मग तिला म्हटलं, ये, तुला मशीनला तेल घालायला शिकवते. मी काही कायमची पुरणार नाही. तेलाची कुपी काढली तर काठोकाठ भरलेली. दोन वर्षं हात लावला नाही, भरलेलीच असणार. मशीन वाकडी केली आणि भोकं कुठं आहेत ते सांगायला तोंड उघडलं, तर तिनं माझ्या आधी एकेक थेंब सगळीकडे बरोबर सोडला. मागच्या बाजूचं ते लपलेलं भोकसुद्धा, जे मला शोधायला वर्ष लागलं होतं.

पोरगी हुशार आहे. एका बैठकीत शिकली.